भिंतीला पोट आलं की विचारायचं कुणाला?

गेल्या श्रावणात औसा तालुक्यातल्या एका बाईंनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. ओळखदेख नव्हती, नंबर कुणाकडून तरी मिळाला असावा. फोटोत दगडी भिंत, वरून सिमेंटचा गिलावा, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून माळवदाकडे, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छपराकडे, चढत गेलेली भेग. भेग किती रुंद आहे ते कळावं म्हणून बाईंनी तिच्यात रुपयाचं नाणं उभं अडकवलं होतं. फोटोखाली एकच ओळ: ‘सर, हितं झोपावं का?’

गेली तीस वर्षं मी लातुरात स्थापत्य अभियंता म्हणून पोट भरतोय. इतका नेमका प्रश्न मला फी देणाऱ्या माणसानं क्वचितच विचारला असेल. पण त्याचं उत्तर फोटो बघून देता येत नाही. भेग जुनी असेल तर ती सुरकुती, वाढत असेल तर आजार. म्हणून त्यांना जुनाच उपाय सांगितला. खिडकीच्या काचेची बोटभर रुंद पट्टी घ्या, भेगेवर आडवी ठेवा, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. तोवर दुसऱ्या खोलीत झोपा. भिंत हलली की काच तडकते. माणसं थापा मारतात, काच मारत नाही.

नवव्या दिवशी तडकलेल्या काचेचा फोटो आला. मग मी गेलो.

भिंतीला बाहेरून पोट आलं होतं. आमच्याकडच्या जुन्या भिंती दीड-दोन हात रुंद असतात, पण त्या एकसंध नसतात. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मध्ये माती आणि बारीक दगडगोटे. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड घालायची पद्धत पूर्वी होती. घाईत, स्वस्तात बांधताना तो गळत गेला. या बाईंच्या घराला दोन वर्षांपूर्वी कुणा मिस्त्रीनं सिमेंटचा गिलावा मारून दिला होता. दिसायला झकास. पण माळवदाच्या कडेनं पाणी भिंतीत उतरत होतं आणि पूर्वी ते मातीच्या गिलाव्यातून वाळून जायचं, ती वाट आता बंद झालेली. आतली माती लोण्यासारखी झाली आणि बाहेरचा पदर सुटून पुढे आला. म्हणजे पदरचे पैसे खर्चून घर आजारी पाडलं होतं.

मला विचारण्याआधी बाईंनी आणखी चौघांना विचारलं होतं. ग्रामसेवक म्हणाले, घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते बघू. तलाठी म्हणाले, पडझड झाली की सांगा, पंचनामा करू. (या दोघांची पदनावं सरकारनं मध्यंतरी बदलली, पण गावात तलाठी तो तलाठीच.) सिमेंटच्या दुकानदारानं वॉटरप्रूफिंगचा डबा दाखवला. मिस्त्री म्हणाला, पाडा आणि कॉलम टाका. यातलं कुणीही खोटं बोललं नाही. ज्याच्या हातात जे होतं, ते त्यानं पुढे केलं. ‘इथं झोपावं का’ याचं उत्तर देण्यासाठी मात्र या चौघांपैकी एकालाही पगार मिळत नाही. तालुक्यात कुणालाच मिळत नाही.

शेतकऱ्याला बोंडअळीबद्दल विचारायला कृषी सहायक आहे, गाईला ताप आला तर पशुवैद्यकीय दवाखाना आहे, बाळाच्या वजनाला अंगणवाडी आहे. घर ही बहुतेकांच्या आयुष्यातली सर्वांत महाग वस्तू आणि ती दुरुस्त कशी करायची हे विचारायला सरकारी दार नाही. माझं म्हणणं असं की ते दार हवं, दर तालुक्याला हवं आणि बारमाही हवं. आणि त्याचा खर्च सरकारनं सरळ उचलावा. ‘सल्ला केंद्रानं आपलं आपण कमवावं’ ही अट घातली की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

आधी पैशांचं बघू, कारण सध्याची व्यवस्था घर पडण्याची वाट बघते, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ते अलंकारिक वाटतं. नैसर्गिक आपत्तीत मदत देण्याचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष असे: सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडलं, म्हणजे किमान १५ टक्के पडलं, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही मूळ अनुदान १ लाख २० हजारच, तेही नवं घर बांधायला. आता ज्याच्या भिंतीला पोट आलंय त्याच्या जागी बसून हिशेब करा. दुरुस्तीला तीस-चाळीस हजार लागणार, मदत चार हजार. भिंत पडू दिली आणि यादीत नाव लागलं तर सव्वा लाखाच्या आसपास. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, परंड्यापासून माढ्या-मोहोळपर्यंत घरांत पाणी शिरलं, त्यानंतरच्या महिन्यात मला एका माणसानं अगदी शांतपणे विचारलं होतं, ‘उरलेली भितपण पाडून घेतली तर चालंल का?’ तो लबाड नव्हता. निकष वाचलेला माणूस होता.

हे सगळं आमच्या भागानं एकदा वेगळ्या पद्धतीनं केलं होतं, म्हणूनच जास्त लागतं.

२९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी परिसर हादरला. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा आम्ही तिसऱ्या पट्ट्यात गेलो आणि पहिला पट्टा नकाशातूनच गेला. जमीनदोस्त झालेल्या ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, ती कहाणी सर्वांना ठाऊक आहे; वर्तमानपत्रं दर ३० सप्टेंबरला ती सांगतात. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कुणाच्या आठवणीत नाही. जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, अशी जवळपास दोन लाख घरं, किल्लारीपासून लांबच्या जिल्ह्यांतलीही, दुरुस्त आणि मजबूत करायची होती. सरकारी भाषेत ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’. जागतिक बँकेच्या कर्जातून पैसा आला. माझ्याकडच्या गावांत घरामागे १७ हजार रुपये, तेही हप्त्यांनी.

मी तेव्हा पदविका घेऊन नुकताच बाहेर पडलेलो, कंत्राटी कनिष्ठ अभियंता. अकरा गावं आणि एक राजदूत मोटरसायकल. आम्हाला शिकवलेली युक्ती सोपी होती. भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर एकेक दगड पहारीनं हलकेच काढायचा, घणाचा घाव घालायचा नाही; आरपार भोक झालं की त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. दारा-खिडक्यांच्या वर भिंतीला चहूबाजूंनी जाळीचा पट्टा बांधायचा. खांब-तुळयांच्या सांध्याला तिरपे ठोकळे द्यायचे. आणि माळवदावरची माती कमी करायची.

ही शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरायची ही पिढ्यांची रीत. जुनी काढायची नाही, नवी वर टाकायची. फूटभर थर झाला तरी दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टन वजन होतं, आणि थर फुटावर थांबत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला ‘माती काढा’ म्हणणं म्हणजे ‘बापानं केलेलं पुसून टाका’ म्हणण्यासारखं. एका गावात एका अण्णांपुढे मी तासभर आकडे मांडले. काही उपयोग नाही. माझ्याबरोबर गावातली संवाद सहायिका होती. तिनं अण्णांच्या नातवाला वर पाठवलं, एक पाटी माती भरून खाली आणायला लावली आणि ती पाटी अण्णांच्या पायाशी ठेवली. ‘उचला बरं.’ अण्णांनी उचलली, ठेवली. ‘असल्या किती हायत वर, अण्णा? आन् खाली कोन झोपतंय?’ दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं फावडं चाललेलं होतं.

या संवाद सहायिका म्हणजे त्या कार्यक्रमातली सर्वांत शहाणी कल्पना होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या बाराशेहून अधिक गावांत लोकसहभागाचं काम अंगावर घेतलं आणि त्यासाठी गावागावांतल्या महिला मंडळांतून बायका पुढे आल्या. अभियंता आठवड्यातून एकदा यायचा, ती रोज तिथंच असायची. अभियंत्याची भाषा ती घराच्या भाषेत सांगायची आणि घराची अडचण अभियंत्याच्या. आज ‘सल्ला केंद्र’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खोली, टेबल आणि बोर्ड येतो. केंद्राचा जीव असतो तो या दोन माणसांत: एक ज्याला भिंत कळते, दुसरी जिला घर कळतं.

आता पडती बाजू. बहुतेक लोकांनी ते १७ हजार जुनं घर मजबूत करायला वापरले नाहीत. शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली काढली. चूक नव्हती, घाबरलेल्या माणसाला दगडाखाली झोपायचं नव्हतं. आणि मीही सह्या केल्या. कारण सल्ला देणारा मीच आणि पुढच्या हप्त्याच्या कागदावर सही करणाराही मीच. ज्याच्या सहीवर पैसे सुटतात त्याला लोक प्रश्न विचारत नाहीत, त्याला आवडेल ते दाखवतात. आणि त्यालाही महिनाअखेरीचे आकडे भरायचे असतात. माझ्या अकरा गावांत मनापासून, पूर्ण मजबूत केलेली जुनी घरं मी बोटांवर मोजू शकेन. म्हणून माझी पहिली अट ही, की सल्ला देणाऱ्याच्या हातात अनुदानाचा पेन असता कामा नये. पंचनामा तलाठ्यानं करावा, हप्ता पंचायत समितीनं सोडावा. सल्लागारानं फक्त खरं सांगावं.

पण ती माळवदं गेली का? नाही. औसा, उमरगा, लोहारा भागात कुठल्याही गावात शिरा. पुढे सिमेंटची खोली, तिच्यात फ्रिज आणि टीव्ही. मागे जुनं माळवद, त्याच्यात म्हातारी माणसं, ज्वारीची पोती आणि मे महिन्याच्या दुपारी सगळं घर. पारा बेचाळिसावर गेला की पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत माणूस थांबत नाही. त्या जाड भिंतींच्या गारव्यासाठी लोक परत तिथंच जातात, ज्याला आम्ही धोकादायक म्हणून कागदावर सोडून दिलं. तीस वर्षं ती घरं कुणी पाहिलेली नाहीत. माती पुन्हा चढली आहे.

आणि पाहणार कोण? १९९० च्या दशकाच्या अखेरीस कर्ज संपलं, कार्यक्रम संपला. आम्हा कंत्राटी पोरांचे करार संपले. संवाद सहायिका बचत गटांत गेल्या, काही सरपंच झाल्या. संस्था उद्योजकता आणि शेतीच्या कामाकडे वळली आणि तिथं तिनं मोठं नाव केलं. दुरुस्तीच्या माहितीपुस्तिका कुठल्या तरी कपाटात वाळवीनं खाल्ल्या. म्हणजे नेमकं जे टिकवायला सर्वांत कमी पैसे लागले असते, ते आपण सोडून दिलं. मार्च २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली भागात भूकंपाचे साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले. पुढचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नव्हता. १९९७ मध्ये हेच फोन गावातल्या गावात एका बाईकडे गेले असते.

यावर ‘केंद्र काढा, पण त्यानं स्वतःच्या पायावर उभं राहावं’ असं म्हणणारे भेटतात. सभ्य, शिकलेली माणसं असतात ही. त्यांना मी केरळची गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकाच्या मध्यात कोल्लममध्ये पहिलं निर्मिती केंद्र निघालं. स्वस्त आणि टिकाऊ बांधकामाचं तंत्र लोकांपर्यंत न्यावं, गवंडी तयार करावेत, सल्ला द्यावा, ही कल्पना. इतकी चांगली की १९८८ पासून हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीच्या मदतीनं देशभर अशी ‘बिल्डिंग सेंटर्स’ काढायची ठरली. सुरुवातीचं अनुदान मिळायचं, पुढे केंद्रानं ठोकळे, चौकटी विकून आणि कामं घेऊन खर्च भागवायचा. झालं काय? जी तगली, ती बरीचशी सरकारी इमारतींची कंत्राटं घेऊन तगली. बाकीची एकेक करून विझली. कंत्राट घेणाऱ्याला भिंतीच्या भेगेसाठी चाळीस किलोमीटर जाणं परवडत नाही. त्यात कुणाची लबाडी नाही, ते साधं पोटाचं गणित आहे. आणि ठोकळे विकणारा माणूस ‘तुम्हाला नव्या भिंतीची गरजच नाही’ असं कधी म्हणेल?

माझी एक परीक्षा आहे. जो माणूस गरज असेल तेव्हा ‘इथं सिमेंट लावू नका’ असं म्हणू शकतो, तो सल्लागार. सिमेंट कंपन्यांच्या गाड्या गावोगाव येतात, त्यांचे अभियंते काँक्रीटमध्ये पाणी किती घालावं, स्लॅबवर पाणी किती दिवस मारावं हे नीट शिकवतात. त्याचा उपयोगही होतो, उगाच नावं ठेवणार नाही. पण दगड-मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्य नाही. माझ्यासारख्या खासगी अभियंत्याचंही तेच, जरा वेगळ्या अंगानं. तीस हजारांच्या कामासाठी मी रीतसर फी लावली तर घरमालकाला परवडत नाही, आणि नाही लावली तर मला. म्हणून मी रविवारी फुकट जातो. परोपकारावर चालणारी ही सेवा शेवटी परोपकार करणाऱ्याच्या गुडघ्यांवर अवलंबून असते, आणि माझे गुडघे आता कुरकुरतात.

श्रीमंत देशांनाही हे कोडं सुटलेलं नाही. तिकडे कारण वेगळं आहे, घरांतून गळते ती उष्णता. फ्रान्समध्ये २०२२ पासून ‘फ्रान्स रेनोव्ह’ या एकाच नावाखाली घरदुरुस्तीचा मोफत, तटस्थ सल्ला देणारी केंद्रं चालतात. युरोपीय संघाच्या २०२४ च्या इमारतविषयक निर्देशात अशी एकखिडकी केंद्रं उभारायला सांगितलं आहे आणि ८० हजार लोकसंख्येमागे एक असं एक मोजमापही दिलं आहे. केंद्र काढावं की नाही हा वाद तिथं मागे पडला. सल्लागाराचा पगार कुठल्या खिशातून, राज्याच्या, नगरपालिकेच्या की वीज-गॅस कंपन्यांच्या, यावर घासाघीस चालू असते. लातूर जिल्ह्यात २०११ ला साडेचोवीस लाख माणसं होती आणि दहा तालुके आहेत. मी ८० हजारांमागे एक मागत नाही. तालुक्याला एक मागतो.

आणि नमुना शोधायला पॅरिसला जायची गरजही नाही, तुळजापूरला गेलं तरी पुरे. तिथं कृषी विज्ञान केंद्र आहे. देशातलं पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीत निघालं, आज सातशेच्या वर आहेत. त्यांच्यावर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. काही ठिकाणी शेतकऱ्यापेक्षा पाहुण्यांचा राबता जास्त असतो. पण पन्नास वर्षं झाली तरी ती आहेत, कारण भारतीय कृषी अनुसंधान परिषद त्यांचे पगार देते. बियाणं विकून तुमच्या शास्त्रज्ञाचा पगार काढा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. म्हणून तिथला माणूस शेतकऱ्याला ‘हे औषध फवारू नका’ म्हणू शकतो. घराच्या बाबतीत हे वाक्य बोलणारा माणूस आपण तयारच केला नाही.

खर्चाचा माझा अंदाज सांगतो, कागद-पेन्सिलीनं केलेला. एक अभियंता, महिना ४५ हजार. दोन अनुभवी गवंडी, हे शिकवतीलही आणि नमुन्याचं काम हातानं करूनही दाखवतील, प्रत्येकी २५ हजार. एक संवाद सहायिका, १५ हजार. पंचायत समितीच्या आवारात एक खोली, पेट्रोल, थोडं साहित्य, महिना १५ हजार. वर्षाला १५ लाख होतात. म्हणजे साडेबारा घरकुलं. तालुक्याला वर्षाला मंजूर होणाऱ्या घरकुलांपुढे हा आकडा मीठ-मिरचीचा आहे. केंद्रानं वर्षात फक्त तेरा घरं पडण्यापासून वाचवली तरी सरकारचा खर्च निघाला, आणि मी माणसांचा जीव यात धरलेलाच नाही.

पैसा नवा लागत नाही, असलेला वळवावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीचा २० टक्के वाटा मदतीसाठी न ठेवता धोका आधीच कमी करण्यासाठी बाजूला काढला. सरकारी मराठीत त्याला ‘आपत्ती सौम्यीकरण निधी’ म्हणतात. शब्द उच्चारतानाच आपत्ती थोडी सौम्य व्हावी अशी योजना दिसते. हा निधी संरक्षक भिंती आणि वीज-अटकाव यंत्रणा अशा दिसणाऱ्या कामांकडे सहज वळतो, कारण त्यांचं उद्घाटन करता येतं. न पडलेल्या घराचं उद्घाटन करता येत नाही. पण धोका आधीच कमी करायचा असेल, तर पोट आलेली भिंत वेळेवर बांधून घेण्याइतकं नेमकं काम दुसरं कुठलं? अभियंता आणि सहायिकेचा पगार इथून यावा. गवंड्यांचा भार बांधकाम कामगार कल्याण मंडळानं उचलावा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर त्यासाठीच गोळा होतो, आणि गवंड्याला जुन्या भिंतीचं काम शिकवणं हे भांड्यांचे संच वाटण्यापेक्षा नक्कीच जास्त कल्याणाचं आहे. दगडाची पारख असलेले जुने गवंडी, वडार कारागीर आता सत्तरीच्या पुढे आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घेतलं नाही, तर पुढे केंद्र काढूनही शिकवणारा मिळणार नाही.

ग्रामपंचायतीनंही थोडं द्यावं, घरपट्टीतून वर्षाला पाच-दहा हजार का होईना. त्यानं खर्च भागणार नाही. पण ज्या गोष्टीला गावानं पैसे दिलेत तिच्याबद्दल ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारतं, ‘ते इंजिनेर आमच्याकडं कधी आले शेवटचे?’ फुकट आलेल्या योजनेबद्दल हे विचारलं जात नाही.

एक आक्षेप मला खरोखर अडचणीचा वाटतो. सरकारी पगार मिळाला की माणूस खुर्चीला चिकटतो, केंद्राचं कार्यालय होतं आणि बाई फोटो मलाच पाठवत राहते. हे होऊ शकतं. यावर माझ्याकडे रामबाण नाही. एवढंच सुचतं की केंद्राचं काम आलेल्या अर्जांवर मोजू नये. किती घरांच्या भिंतीला अभियंत्यानं स्वतः हात लावला आणि वर्षानं तिथं पुन्हा गेला का, यावर मोजावं. आणि सहायिका गावांनी निवडलेली असावी, वरून नेमलेली नको. आमच्या वेळी अभियंता आला नाही तर सगळ्यात आधी तीच बोंब मारायची. मी स्वतः दोनदा तिच्या तक्रारीवर साहेबांच्या शिव्या खाल्ल्यात, आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

शहरातल्या वाचकाला हे खेड्याचं रडगाणं वाटत असेल तर मुंबईकडे बघावं. तिथं तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्यानं सक्तीची आहे. अहवाल हातात पडतो, त्यात इंग्रजीत ‘तातडीनं दुरुस्ती’ लिहिलेलं असतं, आणि सोसायटीचे सचिव तो घेऊन बिल्डरकडे जातात, कारण बाकी कुणाकडे जावं हे त्यांना माहीत नसतं. सक्ती आहे, सल्ला नाही. आमच्याकडे दोन्ही नाही, एवढाच फरक.

औशाच्या त्या बाईंचं घर आता उभं आहे. आधी माळवदाला लाकडी टेकू दिले. पोट आलेला सात-आठ फुटांचा भाग उतरवला, दगडांवर खडूनं आकडे घालून अंगणात रचला आणि आरपार दगड घालत पुन्हा चढवला. एक शहात्तर वर्षांचे गवंडी, बसूनच, दोन पोरांना सांगत होते. सिमेंटचा गिलावा खरवडून मातीचा केला, माळवदावरून एकशे चाळीस पाट्या माती उतरली आणि कडेनं पन्हळी घातली. सगळे मिळून ३८ हजार रुपये लागले, त्यातले वीस हजार बचत गटाचं कर्ज. काम झाल्यावर बाई मदतीचं विचारायला तहसीलला गेल्या होत्या. तिथल्या कारकुनानं मोजमाप बघितलं आणि समजावून सांगितलं, तेही चांगल्या शब्दांत, की पडझड १५ टक्के भरत नाही.